बारा शाखांची तेरीज आणि बदलते संदर्भ



पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात बारा शाखांच्या मासिक तेरजा, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांच्या याद्या, एकत्र करण्याचे काम अनघाकडे आले आहे आणि एका सेलमध्ये महिन्याचे नाव बदलताच सगळे आकडे आपोआप बदलावेत असे एक्सेलचे पत्रक तिला बांधायचे आहे, हे समजले. विचार योग्य आहे. मात्र तो अमलात आणण्याचा जो मार्ग सर्वांत आधी सुचतो, तोच सर्वांत कच्चा आहे.

मराठी जमाखर्चात रोजकीर्दीतील नोंदीपुढे ‘खा. पा.’, म्हणजे खातेपान, लिहिण्याची रीत आहे, ती याचसाठी की रक्कम कोणत्या पानावर गेली याचा माग तपासनिसाला कोणालाही न विचारता लागावा. एका वर्कबुकातून दुसऱ्यातील सेलकडे बोट दाखवणारा बाह्य संदर्भ हेच काम करतो. हाताने चिकटवलेल्या आकड्यामागे असे पान उरत नाही. जेपी मॉर्गन बँकेला २०१२ साली लंडनमधील व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याविषयीच्या बँकेच्याच अंतर्गत अहवालात, जोखीम मोजण्याचे गणित अनेक एक्सेल पत्रकांवर चालत होते आणि आकडे एकातून दुसऱ्यात हाताने चिकटवले जात होते, असे नमूद आहे. तोट्याचे ते एकमेव कारण नव्हते, पण जोखीम किती आहे हे सांगणारे साधनच अशा पायावर उभे होते.

साधा बाह्य संदर्भ असा दिसतो (सूत्रातील अक्षरे येथे देवनागरीत असली तरी प्रत्यक्षात ती रोमनमध्ये टंकित होतात) :

='[सातारा.एक्सएलएसएक्स]एप्रिल'!$सी$५

चौकोनी कंसात फाईलचे नाव, त्यानंतर शीटचे नाव, उद्गारचिन्हापुढे सेलचा पत्ता, आणि सूत्र खाली ओढले तरी तो पत्ता हलू नये म्हणून डॉलरची चिन्हे, अशी त्याची रचना असते. साताऱ्याची फाईल बंद केली की एक्सेल स्वतःहून फोल्डरचा पूर्ण मार्ग या सूत्रात भरते आणि शेवटचा वाचलेला आकडा जपून ठेवते. बदलता संदर्भ करायचा तर हाच पत्ता तुकड्यांतून जोडून इनडायरेक्ट या फंक्शनला द्यावा लागतो :

=इनडायरेक्ट("'[" & ए२ & "]" & बी१ & "'!सी५")

येथे ए२ मध्ये फाईलचे पूर्ण नाव आणि बी१ मध्ये महिना असतो, ‘&’ हे चिन्ह तुकडे जोडते आणि शीटच्या नावात मोकळी जागा असली तरी पत्ता तुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्ह येते.

मात्र जोडून तयार झालेला पत्ता माणसाच्या दृष्टीने पत्ता असला, तरी एक्सेलच्या लेखी ती निव्वळ अक्षरे असतात, आणि इनडायरेक्टचे बहुतेक दोष यातून निघतात. साताऱ्याची फाईल उघडी नसेल तर आकड्याऐवजी ‘#रेफ!’ उमटते, म्हणजे तेरीज पाहण्यासाठी बाराही फायली उघड्या ठेवाव्या लागतात. एखाद्या शाखेने ‘ऑगस्ट’ हा शब्द ‘आ’वर चंद्र देऊन टंकित केला असेल, तर डोळ्यांना तोच दिसणारा शब्द संगणकाला वेगळा वाटतो आणि पुन्हा तीच चूक उमटते. या चुका निदान दिसतात. शाखेने चौथ्या ओळीखाली नवी ओळ घातली, तर सी५ हा पत्ता तसाच राहतो आणि ठेवींच्या जागी दुसऱ्याच खात्याची शिलक निमूटपणे येऊन बसते, हे अधिक घातक आहे. साधा संदर्भ दोन्ही फायली एकाच वेळी उघड्या असताना ओळीबरोबर सरकतो खरा, पण शाखेची फाईल शाखेतच बदलली जात असल्याने मुख्य कार्यालयाला त्याचा लाभ नाही. यावर उपाय एकच : महत्त्वाच्या प्रत्येक सेलला त्या त्या शीटपुरते नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘डिपॉझिट’, आणि संदर्भात सी५ ऐवजी ते नाव वापरावे, नाव शाखेच्या फाईलमध्येच नोंदलेले असल्याने ते ओळीबरोबर सरकते.

म्हणून अनघाने आकडा आणणे आणि आकडा निवडणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. वर्षारंभीच प्रत्येक शाखेला एप्रिल ते मार्च अशी बारा कोरी, एकसारखी शीट असलेली फाईल द्यावी. एकत्रित वर्कबुकात ‘आवक’ नावाचे शीट करून त्यात बारा ओळी शाखांच्या आणि बारा स्तंभ महिन्यांचे ठेवावेत आणि एका खात्याच्या या १४४ सेलमध्ये नावाने केलेले साधे संदर्भ एकदाच भरावेत. महिन्याची निवड मग घरातल्या घरात होते : =इंडेक्स(आवक!बी२:एम१३, शाखा क्रमांक, महिना क्रमांक). यात एप्रिलचा क्रमांक एक धरावा. शाखांच्या फायली बंद असल्या तरी हे चालते. समइफ आणि काउंटइफ ही फंक्शन मात्र थेट बंद फाईलवर लावली तर ‘#व्हॅल्यू!’ देतात, तेव्हा बेरीज आवक शीटवरच करावी.

शाखांची संख्या वाढती असेल तर पॉवर क्वेरी अधिक बरी, कारण ती फोल्डरमधील सर्व फायली न उघडता वाचते. फक्त ‘रिफ्रेश’ दिल्याशिवाय आकडे सहसा ताजे होत नाहीत, हे विसरू नये. गुगल शीट्समध्ये इम्पोर्टरेंज दूरची फाईल वाचते, त्यासाठी एकदा परवानगी द्यावी लागते.

पत्रक तयार झाल्यावर अनघाने मूळ फायलींची प्रत बाजूला ठेवावी, एकत्रित पत्रक बंद करावे, साताऱ्याच्या एप्रिल शीटमध्ये चौथ्या ओळीखाली एक कोरी ओळ घालून फाईल जतन करावी व बंद करावी, मग एकत्रित पत्रक उघडून संदर्भ अद्ययावत करावेत आणि ठेवींचा आकडा पाहावा. तो बदलला असेल, तर कोठेतरी नावाऐवजी पत्ता राहिला आहे. तो शोधून काढल्याखेरीज पत्रक व्यवस्थापकांकडे पाठवू नये.