संत्र्यांचा सागरप्रवास

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. मृग बहराची फळे दुबईला शीतकंटेनरातून पाठवावीत, असा विचार आहे. तोडलेला माल थेट भरून तापमान शून्याखाली ठेवल्यास तो टिकेल ना?
— एक बागायतदार, जि. यवतमाळ

उत्तर : आपला मनोदय स्तुत्य आहे, केवळ एक समज दुरुस्त करावयास हवा. गोठविलेले मांस किंवा मटार उणे 18 अंशांवर सुरक्षित राहतात, हे खरे. परंतु संत्रे हे तोडल्यानंतरही श्वसन करणारे सजीव फळ असल्यामुळे त्यास सुमारे 6 ते 7 अंश सेल्सिअस तापमान व नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रताच मानवते, आणि गोठल्यास त्याचा गर कायमचा बिघडतो. शिवाय कंटेनरातील यंत्र थंड माल थंड राखण्यापुरतेच समर्थ असते. फाल्गुनाच्या उन्हात तापलेली फळे ते वेळेत निववू शकत नाही. म्हणून फळे देठाशी कात्रीने तोडावीत, पूर्वशीतकरण करूनच हवेशीर खोक्यांत भरावीत आणि कंटेनराच्या तळातील खाचांतून वर येणाऱ्या थंड हवेचा मार्ग अडेल अशी रास, विशेषतः आत आखलेल्या भरणरेषेच्या वर, कदापि रचू नये.

पूर्वशीतकरणाची सोय घरची असणे आवश्यक नाही. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) येथील पणन मंडळाच्या केंद्रात चौकशी करावी. तांत्रिक सल्ला नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मिळेल. कंटेनर भरण्याइतका माल नसल्यास शेजारच्या बागायतदारांशी भागीदारी करावी. मात्र रकमेच्या हमीचा लेखी करार हाती येईपर्यंत तोडणी सुरू करू नये; वनस्पती-आरोग्याचा दाखला तयार मालाच्या तपासणीनंतर मिळतो, म्हणून त्याची व्यवस्थाही आधीच लावून ठेवावी.