मनाचे घाव आणि हृदयाचे ठोके

वाचन : १ राजे १९:१-१४



अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचे शिबिर होते. पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. रात्री डोळा लागत नाही." डॉक्टर यायचे होते. मी त्यांचा हात धरून प्रार्थना केली, चिंता प्रभूवर टाका म्हणाले आणि घरी पाठवले. रक्तदाब मोजायचे यंत्र समोरच टेबलावर होते. तीन आठवड्यांनी आशाताईंनी त्यांचा रक्तदाब मोजला, तर १८० वर ११० निघाला.

मग मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. लहानपणी आई गेलेली. दोन लेकरे तापाने दगावली. सरदार सरोवराचे पाणी चढले तेव्हा घर आणि शेत बुडाले. नवरा ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही. हे सारे त्यांनी बाजारहाट सांगावा तसे सांगितले. मी मात्र त्यांना फक्त मीठ कमी खा, एवढेच शिकवत आले होते.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. फेलिटी आणि डॉ. आंडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणातील मारहाण, अत्याचार, घरातील दारू अशा गोष्टींविषयी विचारले. असे अनुभव जितके अधिक, तितका पुढे हृदयविकार अधिक आढळला. तंबाखू, वजन वगैरेंचा हिशेब धरूनही हा संबंध पुरता पुसला गेला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. सलीम युसूफ यांच्या इंटरहार्ट अभ्यासात भारतासह ५२ देशांतील लोक होते. झटक्याच्या नऊ मुख्य कारणांत मानसिक ताणही निघाला.

हे होते कसे? भीती वाटली की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर सोडली जाते. संकट टळले की सारे शांत व्हायला हवे. पण ज्याच्यावर एकामागून एक घाव पडले, त्याचे शरीर पहारा सोडतच नाही. वर्षानुवर्षे दाब चढा राहतो, झोप मोडते, रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. त्यात तंबाखूची चिमूट किंवा दारू हाच विसावा होतो. दवाखान्यात एकदा कोणी खेकसले असेल, तर माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. मात्र दुःख भोगलेल्या प्रत्येकाचे हृदय बिघडतेच असे नाही, आणि ज्याचे बिघडते त्याचा विश्वास कमी होता असेही नाही. हे दुसरे आपल्या मंडळ्यांत फार सहज बोलले जाते. मीही बोलले आहे.

एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला आधी झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. पुढे गुहेत तू इथे काय करतोस असे विचारले आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकले. तेही दोनदा. दोन्ही वेळा एलीयाने तेच उत्तर दिले, पण देवाने त्याला मध्येच थांबवले नाही.

आता आमच्या भेटींत आम्ही आधी रक्तदाब मोजतो, मग बसतो. छातीत दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर "टेन्शन असेल" म्हणायचे नाही. १०८ ला फोन करायचा, प्रार्थना गाडीत करायची. मनाचा भार बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. बोलल्याने झटका टळतोच असे मी म्हणणार नाही. पण बोलणारा माणूस गोळी घ्यायला विसरत नाही, एवढे मी पाहिले आहे.

मावशींची गोळी रोज चालू आहे. मागच्या महिन्यात रक्तदाब १४० वर ९० होता. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच त्या दोन लेकरांची नावे सांगितली.