आढी शाबूत, आंबा नासका

अगं, काल रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हाच ओळखलं. हिंजवडीत धो धो पाऊस आणि तू सर्व्हर रूममध्ये एकटी! ‘ताई, मॉनिटरिंग म्हणतंय डिस्क जाणार, रेड कंट्रोलर म्हणतोय ऑप्टिमल. खरं कोणाचं?’ खरं सांगू का, दोघांचंही.

बघ, आजीची आंब्यांची आढी आठवते ना? कंट्रोलर नुसता मोजतो: आठ होते, आठ आहेत. तुझं मॉनिटरिंग वाचतं ते स्मार्ट, म्हणजे प्रत्येक डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, एकेक आंबा हुंगतं. देठाशी मऊ पडलेला आंबाही मोजणीत आंबाच असतो गं. ‘ऑप्टिमल’ म्हणजे अजून कुठली डिस्क बाद झालेली नाही, एवढंच.

पण हुंगायला आढीत हात जायला हवा. कंट्रोलर लिनक्सला सगळ्या डिस्कची मिळून एकच डिस्क दाखवतो, तिला विचारून उपयोग नाही. मेगारेड कार्ड असेल तर स्मार्टसीटीएलला ‘मायनस डी मेगारेड’ आणि पुढे स्वल्पविराम देऊन डिस्कचा आयडी सांग. मग स्मार्टच्या यादीत 5, 197 आणि 198 या नंबरांपुढचे खराब सेक्टरांचे आकडे बघ. ते दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क बदलायलाच हवी. 199, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुका, वाढत असतील तर आधी केबल आणि बॅकप्लेन तपास. मी एकदा चांगली डिस्क बदलली आणि खराब केबल तशीच ठेवली! दोन दिवसांनी नवीन डिस्कही रडायला लागली.

उलटंही होतं. स्मार्ट ‘ठणठणीत’ म्हणतं आणि कंट्रोलर डिस्क बाहेर काढतो. अशा वेळी कोणी स्वस्तातली डेस्कटॉप डिस्क लावली आहे का, ते बघ. खराब सेक्टर वाचायला ती खूप वेळ झटते आणि कंट्रोलर कंटाळतो. रेडसाठीची डिस्क साधारण 7 सेकंदांत हात टेकते, बाकीचं कंट्रोलर सांभाळतो.

आणखी एक. मेगारेडची डिस्क वाचून तपासायची फेरी, पेट्रोल रीड, सहसा दर 168 तासांनी चालते. त्याच रात्री स्मार्टची लाँग टेस्ट लावू नकोस. दोघी एकाच ओट्यावर लुडबुडल्या की स्वयंपाकाला उशीर होणारच.

आता माझी मोठी चूक ऐक, हसू नकोस. आयडी 3 म्हणजे तिसरा खाना असं समजून मी डिस्क उपसली. रेड 5 होतं, एक डिस्क आधीच गेलेली, आणि मी काढली ती धडधाकट! सगळा ॲरे बसला. आयडी आणि खान्याचा नंबर एकच असेल असं नाही बाई. सीरियल नंबर जुळव आणि मेगारेडच्या स्टोरसीएलआय कमांडने त्या खान्याचा दिवा लुकलुकव.

स्मार्ट गप्प असलं तरी निर्धास्त राहू नकोस. गूगलने 2007 मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती.

तेव्हा आधी बॅकअप उघडून बघ, मग सीरियल जुळव, मग दिवा लाव, आणि मगच हात घाल. तुला जमेल गं. आणि डिस्क काढायच्या आधी फोन कर, काढल्यावर नको.