ध्वनिवर्धकाची शीळ : कारणे व उपाय

स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात एखादे मूल प्रथमच भाषणास उभे राहते, तोच कर्ण्यातून कर्कश शीळ उमटते. मूल बावरते, पाठ केलेले विसरते. दोष मुलाचा नसून मांडणीचा असतो.

कारण : कर्ण्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरतो, यंत्रात वाढून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो. हे चक्र चालू राहिले की शीळ उत्पन्न होते.

उपाय :
(१) कर्णे मायक्रोफोनच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून बांधावेत.
(२) मायक्रोफोन मुलाच्या उंचीप्रमाणे खाली घेऊन तोंडापासून सुमारे १० सेंटिमीटरवर ठेवावा. अंतर निम्मे केल्यास तेथे पोहोचणाऱ्या आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो. मग यंत्राचा आवाज कमी ठेवता येतो.
(३) मायक्रोफोनची जाळी मुठीत धरू देऊ नये.
(४) जादा मायक्रोफोन बंद ठेवावेत.

घुमणारा आवाज येत असल्यास मायक्रोफोनची तार विजेच्या तारांपासून दूर न्यावी. तो थांबविण्यासाठी अर्थिंगची तार मात्र कदापि काढू नये. त्यात मुलाच्या जिवास धोका असतो.

समारंभापूर्वी शिक्षकांनी सर्वांत लहान वक्त्यास उभे करून चाचणी घ्यावी.