मातीवाचून वनस्पती : घरातील पहिला प्रयोग

रोप लावावयाचे म्हटले की प्रथम मातीची आठवण होते. मातीवाचून वनस्पती जगणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु माती हे वनस्पतीचे अन्न नव्हे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने वनस्पती आपले अन्न स्वतःच तयार करते. मातीतून ती घेते ते केवळ पाणी व त्यात विरघळलेले थोडेसे क्षार. याशिवाय माती मुळांना आधार देते, त्यांना हवा मिळू देते आणि क्षारांच्या प्रमाणात अचानक होणारे फरक सौम्य करते. ही सर्व कामे अन्य उपायांनी साधली, तर रोप मातीवाचूनही वाढते. या पद्धतीला जलकृषी किंवा हायड्रोपॉनिक्स असे म्हणतात.

पूर्वेतिहास

इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड या शास्त्रज्ञाने 1699 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविली. पावसाच्या स्वच्छ पाण्यातील रोपे थोडी वाढली. बागेतील माती कालवलेल्या पाण्यातील रोपे पुष्कळ अधिक वाढली. तेव्हा पाण्याखेरीज आणखी काही द्रव्य वनस्पतीस लागते, हे उघड झाले. ती द्रव्ये कोणती याचा उलगडा 1860 च्या सुमारास जर्मनीतील युलियस झाक्स व विल्हेल्म क्नोप यांनी केला. मोजून घेतलेल्या क्षारांच्या द्रावणात त्यांनी वनस्पती वाढवून दाखविल्या. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी हीच पद्धत पिकांसाठी वापरली.

भारतात या विषयाचा आरंभ 1946 च्या सुमारास बंगालमधील कालिंपोंग येथे झाला. तेथे शोल्टो डग्लस यांनी पंप व टाक्या यांचा खर्च टाळणारी साधी रीत बसविली. खडी व बारीक वाळू यांच्या थरात रोपे लावावयाची, कोरडे क्षार वरून पसरावयाचे आणि पाणी शिंपडावयाचे, असे तिचे स्वरूप होते. 1951 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

मुळांचा श्वास

पाण्यात रोप लावणाऱ्या नवशिक्याचे पहिले रोप बहुधा क्षारांच्या अभावाने मरत नाही. ते गुदमरून मरते. पानांप्रमाणे मुळेही श्वसन करतात. भुसभुशीत मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून त्यांना प्राणवायू मिळतो. पाण्यात तो फारच अल्प असतो. 20 अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांस हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. उलट, उष्णतेबरोबर मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणून आपल्या देशाच्या बहुतेक भागांत पहिला प्रयोग चैत्र-वैशाखात न करता पावसाळा संपल्यावर करणे श्रेयस्कर होय. तसेच भांडे कधीही काठोकाठ भरू नये. मुळांचा वरचा भाग दमट हवेत व खालचा द्रावणात राहिला, म्हणजे दोन्ही गरजा भागतात.

द्रावणाची कृती

दहा लिटर स्वच्छ पाण्यासाठी पुढील क्षार घ्यावेत : कॅल्शियम नायट्रेट 6 ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट 2.5 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 2.5 ग्रॅम आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट 0.7 ग्रॅम. यांतून नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही मुख्य द्रव्ये मिळतात. लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन व मॉलिब्डेनम ही अत्यल्प प्रमाणात लागतात. त्यांचे तयार मिश्रण खतांच्या दुकानात मिळते. ते वेष्टनावरील सूचनेप्रमाणे घालावे.

प्रत्येक क्षार वेगळ्या पेल्यात विरघळवून मगच मोठ्या पाण्यात ओतावा. कॅल्शियम नायट्रेटचे दाट द्रावण सल्फेट किंवा फॉस्फेट यांत सरळ मिसळले, तर पांढरा साका तळाशी बसतो आणि त्यातील द्रव्ये मुळांना मिळत नाहीत. द्रावणाचा पीएच साडेपाच ते साडेसहा असावा. तो परीक्षाकागदाने पाहता येतो. नायट्रेट क्षार विस्तवापासून व लहान मुलांपासून दूर ठेवावेत. शाळेत हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे.

प्रयोग

पुदिन्याच्या वीतभर लांबीच्या दोन सारख्या काड्या घ्याव्यात. खालची पाने काढून त्या साध्या पाण्यात ठेवाव्यात. मुळे फुटल्यावर दोन बरण्या घेऊन एकीत वरील द्रावण व दुसरीत केवळ पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी भरावे. झाकणास भोक पाडून त्यातून काडी खाली सोडावी व भोवती नारळाचा काथ्या बसवावा. मुळे वाढू लागली की पातळी काठापासून तीन-चार बोटे खाली ठेवावी. बरण्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळावा, कारण द्रावणावर उजेड पडला की शेवाळ माजते. झाकणात कोठेही फट राहू देऊ नये. अन्यथा साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. सकाळचे ऊन पानांवर पडेल अशा खिडकीत बरण्या ठेवाव्यात.

वनस्पती क्षारांपेक्षा पाणी अधिक त्वरेने शोषते, त्यामुळे उरलेले द्रावण दाट होत जाते. म्हणून पातळी फार उतरल्यास साधे पाणी घालावे व दर पंधरवड्यास सर्व द्रावण बदलावे. जुने द्रावण विहिरीत किंवा ओढ्यात न टाकता बागेतील झाडांना घालावे.

दर आठवड्यास दोन्ही रोपांची उंची व पानांची संख्या वहीत नोंदवावी. पानांचा रंगही बोलका असतो. जुनी पाने प्रथम पिवळी पडू लागली तर बहुधा नत्राची उणीव असते. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची. मुळे पांढरी असणे हे आरोग्याचे लक्षण. ती तपकिरी व बुळबुळीत होऊन दुर्गंध येऊ लागला, तर हवा कमी पडली असे समजावे.

जलकृषीमुळे चांगल्या जमिनीपेक्षा आपोआप अधिक पीक येते असे नाही. कॅलिफोर्नियातील होग्लंड व आर्नन यांनी 1938 सालीच हे स्पष्ट केले होते. खडकाळ जागा, गच्ची किंवा सज्जा अशा माती नसलेल्या ठिकाणी तिचा खरा उपयोग. माती जी कामे मुकाट्याने करते, ती येथे माणसाला दररोज स्वतः करावी लागतात. ती करता करताच माती किती कामे करते, याची विद्यार्थ्याला खरी ओळख होते.