ठाणे-बेलापूर पट्टा : उद्योगातील सेवा आणि कर्ब-उत्सर्जन

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर दिघा, रबाळे, महापे, पावणे व तुर्भे या परिसरात रासायनिक, औषधी व अभियांत्रिकी कारखान्यांचा मोठा पट्टा विकसित झाला. आज याच पट्ट्यात संगणक-सेवा देणाऱ्या संस्था आणि माहिती साठविणारी डेटा सेंटर उभी आहेत. कारखानदारी व सेवा यांची अशी सांगड पडल्याने हवेत जाणारा कर्बवायू कमी होतो काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

सेवेने बचत कशी होते?

कारखान्याला कॉम्प्रेसर नको असतो, दाबाखालील हवा हवी असते. यंत्र विकणाऱ्याचा संबंध विक्रीबरोबर संपतो. मग नळ्यांतील गळतीचा भार कारखानदारावर पडतो. हवा पुरविण्याचाच करार ठराविक दराने केला, तर गळतीत जाणारी वीज पुरवठादाराच्या खिशातून जाते व ती थांबविण्यात त्याचेच हित असते. पंख्याची किंवा पंपाची गती गरजेनुसार २० टक्क्यांनी घटविली, तर लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येऊ शकते.

उदाहरणादाखल, एखाद्या कारखान्याने रोज १०० युनिट वाचविले, तर ३०० दिवसांत ३०,००० युनिटची बचत होईल. भारतात एका युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो, हे लक्षात घेता ही बचत सुमारे २१ टनांची होते.

लहान उद्योगांचा प्रश्न

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये अधिसूचित मोठ्या ऊर्जा-ग्राहकांना ऊर्जा तपासणीचे बंधन घालता येते. लहान कारखान्यांना मात्र स्वतंत्र ऊर्जा-तज्ज्ञ नेमणे परवडत नाही. बचतीच्या हिश्श्यातून मोबदला घेणारी ऊर्जा-सेवा त्यांना यासाठी उपयुक्त ठरते. राज्यात महाऊर्जा ही संस्था ऊर्जा-बचतीचे कार्य करीत आहे.

सावधगिरी

तथापि सेवा म्हणजे आपोआप स्वच्छता नव्हे. डेटा सेंटरला अहोरात्र वीज व शीतकरण लागते. ती वीज कोळशापासून आली, तर महाप्याच्या धुराड्यातील भार केवळ दूरच्या वीजकेंद्रावर जातो. म्हणून कोणत्याही सेवा-कराराचे यश पैशांबरोबरच प्रतिटन मालामागे लागलेल्या युनिटांत आणि एकूण कर्बभारात मोजले पाहिजे. करारापूर्वीची नोंद हाताशी असेल, तरच त्यानंतरची बचत सिद्ध करता येईल. कारखान्याच्या मीटरची नियमित नोंद हीच या कामाची पहिली पायरी होय.