शंभर टक्के, पण कितीपैकी?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मेडिकल असिस्टंटच्या कोर्सचा विषय बहुधा दोन कारणांनी निघतो. मुलीला पुढे फिजिशियन असिस्टंट व्हायचंय आणि त्या प्रवेशासाठी रुग्णांसोबत केलेल्या कामाचे तास हवेत. नाहीतर इकडून बी.एस्सी. करून गेलेल्या सुनेला लवकर कामाला लागायचंय. कॉलेजच्या माहितीपत्रकावर ‘१०० टक्के निकाल’ दिसतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तो इतक्यात पडू देऊ नका.

समजा, २० जणांनी प्रवेश घेतला. आठ जणांनी मध्येच सोडलं, १२ जणांनी कोर्स पुरा केला. त्यांतले सहाच सीएमएच्या (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) परीक्षेला बसले (१६० मिनिटांत २०० प्रश्न) आणि सहाही पास झाले. निकाल १०० टक्के! यात खोटं काही नाही. फक्त फी भरलेल्या २० जणांपैकी प्रमाणपत्र सहा जणांच्या हाती आलं, एवढंच.

म्हणून आधी गळती विचारा, निकाल नंतर. सीएएएचईपी ही अशा कोर्सांना मान्यता देणारी संस्था असे आकडे तिच्या मान्यतेच्या कॉलेजांकडून मागते: किती जण टिकले, किती पास झाले, किती कामाला लागले, आणि शिकलेली मुलं व त्यांना घेणारे दवाखाने समाधानी आहेत का. टिकण्याची किमान अट ६० टक्के. म्हणजे वरच्या उदाहरणातलं कॉलेज काठावर पास! यांतला निदान एखादा आकडा कॉलेजला जाहीर करावाच लागतो. तो चांगला दिसणाराच असू शकतो, त्यामुळे उरलेले ऑफिसात फोन करून मागा, तेही तीन वर्षांचे. सहा जणांच्या बॅचमध्ये एक नापास झाला तरी निकाल एकदम १७ टक्क्यांनी घसरतो; एका वर्षावरून काही ठरवू नये.

‘प्लेसमेंट’च्या आकड्यात संबंधित क्षेत्रातली अर्धवेळ नोकरी, पुढचं शिक्षण, अगदी लष्करी सेवासुद्धा धरतात. मेडिकल असिस्टंट म्हणून किती लागले, हे वेगळं विचारा.

या मान्यतेच्या कोर्सांत हाताच्या कामात मात्र टक्केवारीला थारा नाही. रक्तदाब, इंजेक्शन, ईसीजी, प्रत्येक कौशल्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय सुटका नाही. रक्तदाब शिकवताना दोन जणांच्या कानांना लावायचा जोड-स्टेथोस्कोप वापरतात: विद्यार्थी आणि शिक्षक एकाच वेळी एकच ठोका ऐकतात, आणि विद्यार्थ्याचा आकडा शिक्षकाच्या आकड्याशी जुळावा लागतो. माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक मोजमाप हेच. त्यानंतर दवाखान्यात किमान १६० तासांचं प्रॅक्टिकम. ते कुठल्या दवाखान्यांत होतं आणि तिथेच पुढे किती जणांना ठेवून घेतलं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

सून एच-४ व्हिसावर असेल, तर शिकायला अडचण नाही. पण कामाचा परवाना नसेल, तर कोर्स कितीही चांगला असला तरी नोकरी करता येणार नाही. ती चौकशी फी भरण्याआधीच करा.